गावपळणीत हरवलेले मास्तर

१

निकम मास्तरांचा दाढीचा ब्रश सापडला, साबण सापडला, आरसा सापडला. मास्तर तेवढे सापडले नाहीत.

वस्तऱ्यावर फेस वाळून खडखडीत झाला होता. वाटीतल्या पाण्यात केस तरंगत होते. गावचे मानकरी गुरुदास गावकर यांनी वाकून ते केस बराच वेळ पाहिले आणि जाहीर केलं, "अर्धीच दाढी झालली आसा."

हे त्यांनी कशावरून ठरवलं ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. शाळेच्या पडवीत जमलेलं अख्खं सुरंगवणे गाव गार पडलं. पुरी दाढी करून माणूस कुठेही जाऊ शकतो. अर्धी टाकून कोण जातो?

आम्ही नुकतेच गावात परतलो होतो. आमच्याकडे दर काही वर्षांनी मार्गशीर्षात देवाचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवस वेशीबाहेर जातं. याला गावपळण म्हणतात. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या आणि कुत्रेही जातात. मागे चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. तेवढे दिवस गाव भुतांचं. आम्ही व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या पार, टेकडीआड नारळीच्या झापांच्या खोपी घालतो, सुंगटं म्हणजे कोलंबी भाजतो आणि पत्ते कुटतो. भुतं काय करतात ते माहीत नाही.

या वेळचा कौल झाला तेव्हा निकम मास्तर कराडला होते, स्वतःच्या साखरपुड्याला. ते अजून तिकडेच आहेत असं सगळं गाव धरून चाललं होतं. आणि आता शाळेमागच्या त्यांच्या खोलीत त्यांची ट्रंक होती, छत्री होती, कपात चहा होता आणि चहात तीन दिवसांच्या मुंग्या. म्हणजे ते पळणीतच येऊन गेले होते. किंवा येऊन गेले नव्हते.

वर्गातून एकच वस्तू नाहीशी झाली होती. भिंतीवरचा रत्नागिरी जिल्ह्याचा मोठा नकाशा. त्याच्या जागी दोन खिळे होते.

"पळणीत गावात शिरलो," गुरुदास गावकर म्हणाले. "तेंनी धरल्यानी तेका."

'तेंनी' म्हणजे कोणी, हे कोणी विचारलं नाही.

"आता नवो कौल होयसर शाळा बंद."

तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या हातातली पिशवी खाली पडली. पिशवीत तिच्या प्रेमलताची दहावीची पुस्तकं होती.

२

माझी बहीण नर्मदा. मी तिला बाय म्हणतो. तिचा नवरा बोटीवर कामाला, वर्षातले दहा महिने समुद्रात. मुंबईची खोली सोडून ती तीन मुलींना घेऊन ऐन पळणीत कायमची इकडे आली होती. राहायला कुठेही राहिली असती. तिला हवी होती शाळा.

शाळा दोन होत्या. खाडीपलीकडे खाजण्याची, नवीकोरी, कौलारू, बाकंबिकं असलेली. पण तिथे मुलींना आठवीनंतर गणित नाही, गृहशास्त्र. आणि आमच्या सुरंगवण्याची, जिचं छप्पर गळायचं, पण जिथे निकम मास्तर मुलींनाही बीजगणित शिकवायचे. प्रेमलताला गणित घेऊन मॅट्रिक व्हायचं होतं. न झाल्यास काय, तेही ठरलेलं होतं. बायच्या सासूने शिरोड्याचं एक स्थळ काढून ठेवलं होतं, नारळीची बाग आणि एक दात सोन्याचा. सासूची अट साधी होती: शाळा असेल तर पोर शिकेल, नसेल तर बागेत जाईल. आणि सासू उद्या येणार होती.

म्हणून बायने त्याच दुपारी चौकशी सुरू केली. पोलीस ज्या ठिकाणी विचारत नाहीत, त्या ठिकाणी शाळा शोधणारी आई विचारते. मी तिच्यामागून हिंडत होतो. मॅट्रिकला तीनदा बसलो असल्यामुळे शाळेच्या बाबतीत मला घरात अनुभवी समजत.

पहिले गाठले हेडमास्तर आबा, शाळेतच. आबा बी.ए. होते. शाळेत शुद्ध बोलायचे आणि घाबरले की मालवणीत यायचे.

"या, नर्मदाताई. झालं ते वाईट झालं. परंतु भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पळण म्हणजे माझ्या मते एक आरोग्यदायी सहल."

"मुलींका पिवचा पाणी खंयचा?" बायने विचारलं.

आबा गडबडले. "पाणी? विहिरीचं."

"आणि निकम मास्तर चांगले होते?"

"होते. म्हणजे, आहेत. मुलांचे फार लाडके. जरा अति लाडके." आबांनी चष्मा पुसला. "तरुण वय. साखरपुडा झाला, अंगावर काळा कोट चढला, म्हणजे माणसाला अक्कल येते असं नाही. येण्याआधी कळवायला नको?"

"तुमचा तेंच्याशी भांडाण होता?"

"छे. मतभेद. वर्गाला कोणी घंटा द्यायची यावर."

पायऱ्या उतरताना मी म्हटलं, "बाय, ह्येनीच कायतरी केल्यान."

"घंटेसाठी माणूस मारतत?"

"मास्तर मारतत," मी अनुभवाने सांगितलं.

३

आम्ही अंगणातून बाहेर पडतो तोच खाजण्याचे हेडमास्तर सहदेव समोर उभे. खाडी ओलांडून मुद्दाम आले होते. चांगले मास्तर आणि चांगली मुलं फितवून नेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"तुमच्याकडे तीन मुली आहेत असं ऐकलं," ते थेट म्हणाले. "आमच्याकडे जागा आहे. शिवणयंत्र आहे."

"मास्तर तुमीच पळवलास?" बायनेही थेट विचारलं.

सहदेव मास्तरांचा चेहरा खरोखरच पडला. "पळवणार होतो. पंधरा रुपये जास्त आणि राहायला खोली, असं बोलणंसुद्धा तयार ठेवलं होतं. ते कराडहून आले की गाठायचं, एवढंच राहिलं होतं." त्यांनी आमच्या गळक्या शाळेकडे पाहिलं. "कोणीतरी माझ्या आधी नेलं त्यांना."

इतक्या मनापासून दुःखी झालेला चोर मी पाहिलेला नव्हता. बायने त्यांना यादीतून काढलं.

गुरुदास गावकर देवळाच्या ओट्यावर बसले होते. बाय खाली बसली.

"गावकरांनु, पळणीत कोण मागे रवलो नाय, ह्या कोण बघता?"

"मी. वेशीर उभो रवतंय. एकेक घर मोजून भायर काढतंय. न्हान पोर असो, म्हातारी असो, घराक घर लागता."

"शाळा कोणाच्या घरात धरतास?"

गावकर विचारात पडले. हा प्रश्न देवालाही कोणी विचारला नसावा. "शाळा घर खंय आसा? शाळा सरकारी."

"आणि शाळेत रवता तो?"

"तो..." गावकरांनी इकडेतिकडे पाहिलं. "तो कोणाच्या घरात नाय गो."

बाय उठली. तिचा चेहरा पाहून मला बरं वाटेना.

घरी आलो तर प्रेमलता पडवीत बसली होती. "मामा," ती म्हणाली, "आपण मालवणहून आलो त्या दिवशी खाडीवरून गाव दिसलं. धूर नाही, माणूस नाही, कुत्रं नाही. मी तुला विचारलं होतं ना, इथे कॉलरा आलाय का?"

"मी हसलंय."

"तू हसलास. पण मला पळण माहीत नव्हती. मी एकटी असते तर पळून गेले असते."

बाय दारातच थांबली. एका हातात चप्पल, एका पायात चप्पल.

"शंकर," ती हळूच म्हणाली, "भुताक नकाशो कित्याक व्हयो?"

४

बायचं म्हणणं असं होतं. भुताला नकाशा नको. गावच्या चोरालाही नको, त्याला वाटा पाठ असतात. नकाशा लागतो तो फक्त ज्याला वाट माहीत नाही त्याला. म्हणजे नकाशा मास्तरांनीच काढून नेला. ते स्वतःच्या पायांनी गेले.

"अर्धी दाढी टाकून?"

"सकाळी उठान दाढीक बसलो. कोंबो आरवलो नाय. कुत्रो भुकलो नाय. भायर येवन बघता तर अख्खो गाव गायब. तेका पळण म्हायतीच नाय, शंकर. तो गेल्यार कौल झालो. सांगूक कोणी नाय, कारण तो कोणाच्या घरात नाय. आता तूच सांग, ह्या दिवसांत तो काय समाजतलो?"

हे दिवस एकसष्ट सालच्या डिसेंबरचे होते. गोव्याच्या सरहद्दीवर आपली फौज जमली होती. आज तोफा उडतील की उद्या, एवढाच प्रश्न उरला होता. पोर्तुगीजांचं जहाज आमच्या बाजूला येईल म्हणून लोक समुद्राकडे बघत जेवत होते.

आम्ही टेकडीआड सुंगटं भाजत असताना एक माणूस रिकाम्या गावात उभा होता, आणि त्याच्या मते आम्ही सगळे मेलो होतो.

उरला प्रश्न, गेला कुठे. उत्तरेला खाडी. तिथे बाबलीची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. बाबली तरीत बसून जाळं शिवत होता. आम्हाला बघून त्याने मान खाली घातली.

"बाबली, मास्तराक तूच ह्या बाजूक हाडलंस?"

"हाडलंय," बाबली म्हणाला. "सांजेक. उजेड होतो."

"आणि गावात कोण नाय, ह्या सांगूक नाय?"

बाबलीला प्रश्नच कळला नाही. "मास्तर तो. मास्तराक कोण शिकवतलो?"

हे खरं होतं. आमच्याकडे मास्तराला कोणी काही सांगत नाही.

"मगे सकाळी तो परत तुझ्याकडे येवक नाय?"

बाबलीने सुई जाळ्यात खोचली, काढली, परत खोचली.

"हाक इली," तो शेवटी म्हणाला. "मी खाडीच्या पलतडीक होतंय. धुक्यातसून हाक इली, बाबलीऽऽ म्हणान. आवाज मास्तराचो. पण पळणीत गावात शिरललो माणूस काय जितो रवता? माका म्हायत होता, मास्तर रातीच गेलो. ह्यो तेचो आवाज घेवन दुसरोच कोण बोलता."

"आणि तू काय केलंस?"

"तिसरी हाक इली तर माणूस. दोनच इल्यो." बाबली जाळ्याकडे बघत होता. "मी होडीखाली निजलंय."

बायने वाळूत बोटाने गाव काढलं. उत्तरेला खाडी, ती बंद. पूर्वेला व्हाळ. त्याच वाटेने घाटाचा रस्ता, पण तिकडे गेले असते तर थेट आमच्या खोपीत येऊन धडकले असते. पश्चिमेला समुद्र. उरली दक्षिणेची किनाऱ्याची वाट, वेंगुर्ल्याकडे.

"म्हणजे गोव्याकडे," मी म्हटलं. "पोर्तुगीजांक भिवन पोर्तुगीजांकडे पळालो?"

"थयच माझा घोडा अडता," बाय म्हणाली. "घाटाचो रस्तो नकाशात लाल रंगान काढललो आसा. कराडचो माणूस घराकडे पळूक व्हयो. ह्यो उलटो कित्याक गेलो?" तिने हात झटकले. "ता तोच सांगतलो. बाबली, शीड लाव. शंकर, आबांक आणि प्रेमलताक घेवन ये. ओळख पटवूक हेडमास्तर व्हयो."

"ओळख खंय पटवूची?"

"लढाईच्या दिवसांत अर्ध्या दाढीचो माणूस जिल्ह्याचो नकाशो घेवन किनाऱ्यान चाललो, तर तेका लोक जेवक बसवतले?" बाय म्हणाली. "तो चौकीत आसा."

५

तो चौकीतच होता.

किनाऱ्यावर सुरूच्या झाडांत पोलिसांनी तात्पुरतं खोपट उभं केलं होतं. हवालदार आम्हाला बघून आनंदले. कोणाला तरी सांगायला त्यांना माणूस हवा होता.

"हेर आहे म्हणायचं, तर इतका मूर्ख हेर कोण पाठवील?" ते म्हणाले. "वेडा म्हणायचं, तर पाढे अचूक म्हणतो. म्हणाला, अख्खं गाव पोर्तुगीजांनी पळवलं. मी विचारलं, गुरं? म्हणाला, गुरंसुद्धा. मी विचारलं, कोंबड्या? म्हणाला, कोंबड्यासुद्धा. आता, ताई, तुम्हीच सांगा. लढाईला आलेलं आरमार कोंबड्या गोळा करत बसेल?"

"आमच्या गावात कोंबड्यो पण जातत," बाय म्हणाली.

हवालदारांनी तिच्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकले.

आत बाकावर निकम मास्तर बसले होते. डाव्या गालावर खुंट, उजव्यावर रान. मांडीवर नकाशाची गुंडाळी. अंगात काळा कोट.

आबांना, मला, बाबलीला त्यांनी एकेक करून बोटांवर मोजलं. "तुम्ही जिवंत आहात," ते म्हणाले. "किती वाचले?"

"सगळे," मी म्हटलं. "कोंबड्यो पण."

"ओळख कोण पटवणार?" हवालदारांनी विचारलं.

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा पुढे झाले नाहीत. ते निकम मास्तरांच्या पायांकडे बघत होते. पंजे पुढे आहेत की मागे, तेच बघत होते.

"आबानु," बाय म्हणाली, "तेंच्या पायांकडे मगे बघा. आधी माका सांगा, कोट काळो आसा ह्या तुमका कसा म्हायत?"

"म्हणजे?"

"शंकर म्हणता, मास्तर गेले तेव्हा कोट नव्हतो. कोट साखरपुड्यात मिळालो. तो घालून ते परत इले तेव्हा गावात चिटपाखरू नव्हता. बाबलीन बघल्यान, पण तो आजपर्यंत कोणाकडे बोलूक नाय. आणि तुमी माका शाळेत बसान सांगितलास, अंगार काळो कोट चढलो. तुमी तेंका बघलास. खंय बघलास?"

आबांचा चष्मा घामाने नाकावरून घसरला. बी.ए. कुठल्या कुठे गेली.

"व्हाळार," ते म्हणाले. "सांजेक. तांब्यो घेवन गेललंय. पलतडीक गावात तो जाताना दिसलो. काळो कोट, हातात ट्रंक. मी हाक मारूचंय म्हणान तोंड उघडलंय. आणि आजी आठवली. आजी सांगी, पळणीत वेशीच्या आत कोण दिसलो तर हाक मारू नको. ओ दितलो तो माणूस नसतलो." त्यांनी डोळे मिटले. "मी तांब्यो टाकून पळालंय."

मला हसू येत होतं, पण निकम मास्तरांचा चेहरा बघून ते गिळलं.

"मी तुम्हाला पाहिलं, सर," निकम मास्तर शांतपणे म्हणाले. "पळताना. तेव्हा वाटलं, पोट बिघडलं असेल. अंधारात गावात दिवे दिसले नाहीत, तेही मनावर घेतलं नाही. सकाळी गाव रिकामं दिसलं आणि कळलं, हेडमास्तर ज्याअर्थी तांब्या टाकून पळाले, त्याअर्थी हल्ला झाला. तुम्ही पळाला नसतात तर मी इतका घाबरलो नसतो. दाढी पुरी करून बसलो असतो."

आबा मटकन बाकावर बसले, निकम मास्तरांच्या शेजारीच, आणि त्यांनी त्यांच्या कोटाच्या बाहीला बोट लावून पाहिलं. बाही खरी होती.

निकम मास्तर उठले. नकाशा त्यांनी आबांच्या मांडीवर ठेवला. "हा शाळेचा. मी कराडला जातो. माणूस दिसला तर जिथे हाक मारत नाहीत, तिथे मी शिकवायचं कुणाला?"

मी बायकडे पाहिलं. शिरोड्याची बाग एव्हाना तिला दिसायला लागली असणार. पण तिने थांबा म्हटलं नाही.

"जावा, मास्तर," ती म्हणाली. "माका एकच सांगा. घाटाचो रस्तो तुमच्या हातात होतो. घराकडे जावचा सोडून तुमी गोव्याकडे कित्याक निघालास?"

मास्तरांना प्रश्नाचं नवल वाटलं.

"मुलं तिकडे नेली असतील ना?" ते म्हणाले. "आठवीचा वर्ग. त्यांची चाचणी व्हायची होती."

हवालदार खाकरले आणि बाहेर जाऊन समुद्राकडे बघत उभे राहिले.

मीही नकाशाकडे बघत राहिलो. हा माणूस, एका गालाला साबण, हातात शाळेचा नकाशा, पोर्तुगीज आरमाराकडे आठवीचा वर्ग परत मागायला निघाला होता. पायी.

"सर," प्रेमलता म्हणाली, "दहावीला तुम्ही बीजगणित शिकवता की भूमिती?"

"दोन्ही."

"मुलींना?"

"येतील त्यांना." ते थोडे घुटमळले. "कुठपर्यंत झालंय तुमचं?"

"वर्गसमीकरणं."

"सूत्राने की अवयव पाडून?"

"अवयव पाडून. सूत्र यायच्या आधीच मुंबई सुटली."

"अरे," मास्तर म्हणाले, आणि परत बाकावर बसले. "मग तर अर्धवटच राहिलंय."

बायने पदर खोचला. "शंकर, आपली माडयेवरची खोली मास्तरांक. जेवण आपल्या घरात. गावकरांक सांग, पुढच्या पळणीक आमच्या घराची माणसा मोजताना एक वाढवा. आणि नवो कौल होयसर वर्ग आपल्या पडयेत." मग मास्तरांकडे वळून, "आता तुमका सोडून गाव गेलो, तर आधी मी रवतंय मागे. चला."

६

बाबलीने शीड लावलं. येताना तो मास्तरांशी बोलला नाही, पण किनारा आला तेव्हा त्यांना पाठुंगळीला घेऊन उतरवलं. पाय ओले होऊ नयेत म्हणून. खात्रीसाठीही असेल. मागून आबा एकटेच पाण्यातून चालत आले. त्यांना कोणी उचललं नाही.

घरी पोहोचलो तर अंगणात बायची सासू बसलेली. एक दिवस आधीच आली होती. वाटेत गावकर भेटले असावेत, कारण सगळी बातमी तिच्याकडे होती.

"शाळा बंद झाली म्हणतत," ती म्हणाली. आवाजात दुःख नव्हतं. "मी शिरोड्याच्या लोकांका शब्द देवन इलंय. मुंबय सोडलंस, शाळेसाठी म्हणालंस. खंय आसा तुझी शाळा?"

बायने विहिरीकडे बोट दाखवलं.

"ती काय," ती म्हणाली. "पाय धुता आसा."